भगव्या कफनीवरचा क्रूस : ब्रह्मबांधव उपाध्याय



‘वंदे सच्चिदानंदम्’ हे संस्कृत स्तोत्र आपल्यापैकी अनेकांनी एखाद्या शिबिरात, आश्रमात किंवा मिस्साबलीच्या वेळी ऐकले असेल. काहींनी म्हटलेही असेल. ती पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या पवित्र त्रैक्याची स्तुती आहे; शब्द मात्र उपनिषदांच्या घरातले आहेत. १८९८ साली ते प्रसिद्ध झाले. ज्याने ते रचले त्याचा देह मात्र १९०७ साली हिंदू पद्धतीने अग्नीच्या स्वाधीन झाला. मृत्यूच्या दोन-अडीच महिने आधी त्याने ब्राह्मणांकडून प्रायश्चित्त घेतले होते. तो शेवटी ख्रिस्ताचा राहिला की नाही, हा वाद तेव्हा पेटला आणि पुढे कित्येक वर्षे धुमसत राहिला.

ब्रह्मबांधव उपाध्याय हे त्यांचे नाव. ख्रिस्ताकडे किती वेगवेगळ्या बाजूंनी पाहता येते, हे त्यांच्याइतके स्वतः अनुभवलेला माणूस भारतीय ख्रिस्तसभेत क्वचितच सापडेल.

मूळ नाव भवानीचरण बंद्योपाध्याय. जन्म ११ फेब्रुवारी १८६१, बंगालमधील हुगळी जिल्ह्यातले खन्यान हे गाव. घर कुलीन ब्राह्मणाचे. वडील देवीचरण इंग्रज सरकारच्या पोलीस खात्यात. आई तान्हेपणीच वारली आणि आजीने सांभाळ केला. मुंजीनंतर या मुलाने मांसाहार सोडला, तो स्वतःच्या मनाने. शाळेत इंग्रजी आणि भाटपाड्याच्या पंडितांकडे संस्कृत, असे दोन्हीकडचे शिक्षण झाले. स्वभाव मात्र पंडिताचा नव्हता, लढवय्याचा होता. इंग्रजांना हाकलायचे तर आधी युद्धविद्या शिकली पाहिजे, असे ठरवून हा पोरगा सतरा-अठराव्या वर्षी ग्वाल्हेरला निघाला, शिंद्यांच्या फौजेत भरती होण्यासाठी. तिथे पोहोचल्यावर त्या फौजेकडून काही व्हायचे नाही हे ध्यानात आले आणि तो परतला. हा किस्सा लक्षात ठेवावा, कारण त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या तीन वर्षांत तोच पोरगा पुन्हा जागा झाला.

ख्रिस्ताशी पहिली ओळख घरातच झाली. नात्याने काका लागणारे कालीचरण बॅनर्जी हे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती होते, काँग्रेसच्या सुरुवातीच्या काळातले मोठे पुढारी. पुतण्याला त्यांच्याबद्दल आदर होता. मात्र ख्रिस्त त्यांच्यामुळे नव्हे, तर केशवचंद्र सेन यांच्यामुळे त्याच्या मनात शिरला. केशवचंद्र ब्राह्मसमाजाचे नेते. ते ख्रिस्ती नव्हते, पण ख्रिस्ताविषयी बोलू लागले की कलकत्त्याचा टाऊन हॉल भरून जाई. येशू हा युरोपीय नव्हे, आशियाचा सुपुत्र आहे, हे ते ठासून सांगत. पित्याच्या इच्छेत आपली इच्छा पूर्णपणे विरघळवून टाकलेला आदर्श पुत्र, असा त्यांचा येशू होता. १८८२ च्या एका भाषणात तर त्यांनी ख्रिस्ती त्रैक्य आणि वेदान्तातले सत्, चित्, आनंद एकाशेजारी एक मांडले. म्हणजे वर उल्लेखिलेल्या स्तोत्रामागच्या कल्पनेचे बीज चर्चमध्ये पडलेले नाही, ब्राह्मसमाजाच्या व्यासपीठावर पडले आहे. आपल्याला हे जरा अडचणीचे वाटेल, पण ते तसे आहे.

त्याच काळात दक्षिणेश्वरला रामकृष्ण परमहंसांकडेही भवानीचरणांचे जाणे-येणे होते. नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, हे त्यांचे त्या वयातले मित्र. सगळ्या वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात हे रामकृष्णांचे सांगणे त्यांच्या कानावर होतेच. केशवचंद्र १८८४ साली निवर्तले. १८८७ मध्ये भवानीचरणांनी ब्राह्मसमाजाची दीक्षा घेतली आणि पुढच्याच वर्षी ते शिक्षक व प्रचारक म्हणून सिंधमधील हैदराबादला गेले.

तेव्हा सिंध प्रांत मुंबई इलाख्यात होता आणि तिथली ख्रिस्तसभा मुंबईच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखाली. कामाला जर्मन येशूसंघीय धर्मगुरू होते. भवानीचरण संस्कृत शिकवीत, मुलांबरोबर मैदानावर खेळत आणि संध्याकाळी ब्राह्मधर्माचा प्रचार करीत. मुलतानला वडील आजारी पडले म्हणून ते शुश्रूषेला गेले. त्या आजारपणात वडिलांच्या जवळ कॅथॉलिक श्रद्धेची ओळख करून देणारे, फा दी ब्रूनो नावाच्या धर्मगुरूचे एक पुस्तक त्यांच्या हाती पडले. वडील गेले. पुस्तक मुलाच्या मनात राहिले.

आता प्रश्न टाळता येईना. येशू हा केवळ थोर पुरुष असेल, तर त्याने स्वतःविषयी केलेले दावे थोर पुरुषाला शोभणारे नाहीत. आणि तो खरोखरच निष्पाप असेल, तर तो आपल्यासारखा साधा माणूस नाही. ब्राह्मसमाज त्याला आदर्श म्हणून स्वीकारत होता आणि पुनरुत्थानापाशी थबकत होता. भवानीचरण त्या उंबरठ्यावर काही काळ अडले आणि मग आत आले. २६ फेब्रुवारी १८९१ रोजी एका अँग्लिकन धर्मगुरूंकडून त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही अँग्लिकन पंथाचे सभासद न होण्याच्या बोलीवर! त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये त्यांचा कॅथॉलिक ख्रिस्तसभेत प्रवेश झाला.

कॅथॉलिकच का? याला त्यांचे स्वतःचे कारण होते. आदामाच्या पापाने मानवी स्वभाव मुळापासून सडला, ख्रिस्ताला न ओळखणाऱ्याची बुद्धी देवाच्या बाबतीत आंधळीच, असे त्या काळचे बरेच प्रॉटेस्टंट मिशनरी शिकवीत. आपल्या ऋषींनी हजारो वर्षे केलेले चिंतन म्हणजे निव्वळ अंधार, हे भवानीचरणांना पटणे शक्यच नव्हते. उलट कॅथॉलिक शिकवण अशी, की मनुष्य आपल्या नैसर्गिक बुद्धीने एका देवाचे अस्तित्व जाणू शकतो. १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने ते स्पष्ट शब्दांत मांडले होते. बुद्धीने जे कळते त्यावर प्रकटीकरणाचा प्रकाश पडतो. तळमजला भारतीय असेल तर वरचा मजला चढवता येईल, तळमजला पाडायची गरज नाही. त्यांच्या साऱ्या पुढच्या कामाचा पाया हाच आहे.

१८९४ मध्ये दोन गोष्टी घडल्या. जानेवारीत त्यांनी कराचीहून ‘सोफिया’ नावाचे इंग्रजी मासिक सुरू केले. आणि वर्षाअखेर त्यांनी भगवी वस्त्रे घालून स्वतःला संन्यासी म्हणून जाहीर केले. नावही बदलले. बंद्योपाध्याय म्हणजे वंद्य उपाध्याय. माझा गुरू येशू हा दुःखभोगी, लोकांनी तुच्छ लेखलेला. मग मी वंद्य कसा, म्हणून ‘वंद्य’ गळाला आणि नुसते ‘उपाध्याय’ राहिले. बाप्तिस्म्याच्या थिओफिलस या नावाचा अर्थ देवाचा मित्र. त्याचे झाले ब्रह्मबंधू आणि मग ब्रह्मबांधव. गळ्यात काळ्या शिसवी लाकडाचा क्रूस, अंगात भगवी कफनी, पाय अनवाणी, अशा वेषात ते चर्चला आले तेव्हा हैदराबादच्या धर्मगुरूंनी हरकत घेतली. प्रकरण मुंबईला गेले. आर्चबिशप थिओडोर डालहोफ यांनी वेषाला परवानगी दिली. मुंबई महाधर्मप्रांताच्या इतिहासातली ही एक लहानशी, पण अभिमानाने सांगावी अशी नोंद आहे.

पहिली काही वर्षे हा भगव्यातला संन्यासी वेदान्ताचा कडवा विरोधक होता, हे पुष्कळांना माहीत नसते. ॲनी बेझंट बाईंच्या थिऑसॉफीवर त्यांनी जाहीर सभांतून तोफा डागल्या. पुनर्जन्माचे खंडन केले. शंकराचार्यांचा अद्वैत सिद्धान्त म्हणजे निर्माता आणि निर्मिती यांची खिचडी, असे त्यांचे मत होते. १८९७ च्या सुमारास ते बदलू लागले. संत थॉमस अक्वायनस वाचता वाचता त्यांना शंकराचार्य नव्याने दिसू लागले.

हे थोडे समजून घेऊ या, कारण इथेच त्यांचे खरे मोठेपण आहे आणि इथेच भांडणही आहे. संत थॉमस म्हणतात की असणे हे फक्त देवाचे स्वतःचे आहे. बाकी सगळ्यांना असणे मिळालेले आहे, क्षणोक्षणी मिळत आहे. देवाने हात काढून घेतला तर सृष्टी शून्य. शंकराचार्य जगाला माया म्हणतात तेव्हा लोक त्याचा अर्थ जग म्हणजे भास असा करतात. उपाध्यायांनी त्याचा अर्थ वेगळा लावला : जगाला स्वतःचे असे अस्तित्व नाही, ते उसने आहे, म्हणून ते माया. माझ्या परीने सांगायचे तर चांदणे खोटे नसते, पण ते चंद्राचे स्वतःचेही नसते. शंकराचार्यांना हेच म्हणायचे होते का, यावर आजही विद्वानांत एकमत नाही आणि माझ्या अल्प बुद्धीला वाटते की उपाध्यायांनी आचार्यांना थोडे आपल्या बाजूला ओढून घेतले. परंतु संत थॉमस यांनी अॅरिस्टॉटलच्या बाबतीत दुसरे काय केले होते? ॲरिस्टॉटलही ख्रिस्ती नव्हता. तेराव्या शतकात त्याच्या ग्रंथांवर पॅरिसमध्ये बंदी येऊन गेली होती. ग्रीक तत्त्वज्ञानाच्या भाषेत श्रद्धा मांडता येते तर ती वेदान्ताच्या भाषेत का मांडता येऊ नये, असा उपाध्यायांचा रोकडा सवाल होता.

त्रैक्याविषयीचे त्यांचे चिंतन याच भूमीतले. ब्रह्म हे सत् आहे, चित् आहे, आनंद आहे. देव स्वतःला जाणतो. ते जाणणे म्हणजेच अनादि शब्द, पुत्र. पिता व पुत्र यांच्या प्रेमातला आनंद म्हणजे पवित्र आत्मा. देवाला ज्ञानासाठी आणि प्रेमासाठी जगाची गरज लागत नाही, तो आपल्या ठायीच परिपूर्ण आहे. केशवचंद्रांनी जी तुलना भाषणाच्या ओघात केली, तिला उपाध्यायांनी विचाराचा कणा दिला. आणि केशवचंद्र जिथे थांबले तिथून पुढे जाऊन देहधारी झालेल्या शब्दासमोर हात जोडले.

१८९८ च्या जुलैमध्ये त्यांनी ‘सोफिया’त आपण हिंदू आहोत का, असा प्रश्न घेऊन लेख लिहिला. उत्तर होते : जन्माने हिंदू, पुनर्जन्माने, म्हणजे बाप्तिस्म्याने, कॅथॉलिक. समाजधर्म वेगळा आणि साधनधर्म वेगळा. खाणेपिणे, वेष, भाषा, रीतिरिवाज हा समाजधर्म. तारण कशाने हा साधनधर्म. पहिल्यात हिंदू राहून दुसऱ्यात ख्रिस्ती होता येते.

विभागणी ऐकायला सोपी आहे. पण समाजधर्मात वर्णव्यवस्थाही येते आणि उपाध्यायांनी तिचे समर्थन केले. ब्राह्मणाच्या घरातून आलेल्या माणसाला जे आपले आंगण वाटले, ते महार-मांगांच्या घरातून प्रभूकडे आलेल्यांना तुरुंगाची भिंत वाटणार होते. उपाध्यायांचा आदर करतानाही हे झाकून ठेवणे बरे नव्हे.

१८९९ साली त्यांनी ‘सोफिया’ मासिक थांबवले आणि जबलपूरला नर्मदेच्या काठी कॅथॉलिक मठ सुरू केला. नाव ‘काष्ठलिक मठ’. काष्ठलिक म्हणजे ‘कॅथॉलिक’चे बंगाली-संस्कृत रूप. संन्यासी भिक्षा मागून राहतील, ध्यान करतील, वेदान्त आणि संत थॉमस दोन्ही शिकतील आणि गावोगाव फिरतील, अशी योजना. सोबत रेवाचंद हा सिंधी शिष्य होता, जो पुढे अणिमानंद या नावाने ओळखला गेला. जबलपूर तेव्हा नागपूर धर्मप्रांतात होते आणि नागपूरचे बिशप पेल्व्हा यांची या कामाला सहानुभूती होती. पण पोपमहोदयांचे भारतातील प्रतिनिधी आर्चबिशप झालेस्की यांनी विरोध केला. काही महिन्यांतच मठ बंद पडला. रोमला जाऊन दाद मागावी म्हणून उपाध्याय मुंबईपर्यंत आले, तिथे आजारी पडले आणि जाणे राहून गेले. बिशप पेल्व्हा १९०० साली वारले, आणि दुसरा पाठीराखा उरला नाही.

झालेस्की यांना खलनायक ठरवणे सोपे आहे. पण याच झालेस्की यांच्या हातून १८९३ मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे भारतीय धर्मगुरू घडवणारी पेपल सेमिनरी उभी राहिली, तीच १९५५ पासून आपल्या पुण्यात आहे. भारतातली ख्रिस्तसभा भारतीय धर्मगुरूंनीच चालवली पाहिजे, हे त्यांना कळत होते. त्यांची भीती वेगळी होती. वेदान्ताचे शब्द घेतले की शब्दांबरोबर अर्थही येईल, आणि साधे श्रद्धावंत गोंधळतील. विवेकानंदांचा डंका नुकताच जगभर वाजला होता; सर्व धर्म सारखे, येशू हा अनेक अवतारांपैकी एक, ही भाषा सुशिक्षितांच्या तोंडी होती. अशा वेळी भगव्या कपड्यातला कॅथॉलिक लोकांना काय सांगतो आहे हे लोकांना नेमके समजेल का? प्रश्न चुकीचा नव्हता. मात्र उत्तर शोधायची संधीच दिली गेली नाही, हे दुःख आहे.

१९०० मध्ये उपाध्यायांनी कलकत्त्याहून ‘सोफिया’ साप्ताहिकाच्या रूपात पुन्हा काढले. कॅथॉलिकांनी ते वाचू नये असा आदेश निघाला. ते बंद झाले. १९०१ मध्ये ‘द ट्वेंटिएथ सेंच्युरी’ हे मासिक आले, त्यावरही बंदी. याच वर्षी, २२ डिसेंबर १९०१ रोजी, रवींद्रनाथ टागोरांचा शांतिनिकेतनचा ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला. तो उभा करणाऱ्यांत उपाध्याय आणि रेवाचंद हे दोघे होते. शांतिनिकेतनच्या पहिल्या शिक्षकांत दोन कॅथॉलिक होते, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? लवकरच ख्रिस्ती माणसे मुलांना शिकवतात यावर कुरबुर सुरू झाली आणि दोघे तिथून बाहेर पडले. चर्चला ते फार हिंदू वाटत होते, हिंदूंना फार ख्रिस्ती.

४ जुलै १९०२ रोजी विवेकानंद गेले. मित्राच्या मृत्यूने उपाध्याय हलले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खिशात फारसे पैसे नसताना इंग्लंडला निघाले. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये त्यांनी हिंदू विचारांवर व्याख्याने दिली. गंमत पाहा, वेदान्ताची बाजू मांडणारा हा माणूस कॅथॉलिक होता. १९०३ मध्ये परत आले ते बरेच कडवट होऊन. युरोपची सुधारणा जवळून पाहिली होती आणि ती ख्रिस्ताची आहे असे त्यांना वाटले नाही.

पुढचा काळ वादळाचा. १९०४ मध्ये त्यांनी ‘संध्या’ हे बंगाली दैनिक सुरू केले. १९०५ च्या वंगभंगानंतर ते पत्र आगीसारखे पसरले. गल्लीतल्या माणसाच्या रांगड्या बोलीत ते इंग्रजांवर तुटून पडत. त्या लिखाणातला द्वेष वाचताना क्रूस धारण केलेला तो संन्यासी कुठे गेला असे वाटते. १९०४ सालीच त्यांच्या कलकत्त्यातील शाळेत सरस्वतीपूजा झाली आणि अणिमानंद ती सहन न होऊन गुरूपासून वेगळे झाले. समाजधर्माची रेघ कुठे संपते आणि साधनधर्माची कुठे सुरू होते, हे शिष्याला गुरूपेक्षा वेगळे दिसले. मला इथे शिष्याचे पटते.

ऑगस्ट १९०७ मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतले. परदेशगमन आणि परकीयांशी अन्नव्यवहार यांबद्दलचे ते प्रायश्चित्त. त्यांच्या हिशेबाने ही समाजधर्माची बाब होती. जातीबाहेर गेलेला माणूस घरात परत आला, इतकेच. ख्रिस्ताला नाकारणारा एकही शब्द त्यांनी उच्चारल्याची नोंद नाही. पण पाहणाऱ्यांना हा फरक कळावा कसा? हिंदूंनी जल्लोष केला, ख्रिस्ती लोकांनी मान खाली घातली.

सप्टेंबरमध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. स्वराज्याचे काम देवाने सोपवलेले आहे, त्याबद्दल परक्या सरकारला जाब देणे मी लागत नाही, असे सांगून त्यांनी खटल्यात भाग घ्यायला नकार दिला. खटला चालू असतानाच हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना कलकत्त्याच्या कॅम्पबेल इस्पितळात न्यावे लागले. शस्त्रक्रिया झाली, पण धनुर्वात झाला. २७ ऑक्टोबर १९०७ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी ते वारले. हजारो लोक अंत्ययात्रेला होते.

१९५० साली तामिळनाडूत कावेरीच्या काठी मोंशानँ आणि ल सो या दोन फ्रेंच धर्मगुरूंनी कॅथॉलिक आश्रम स्थापला आणि त्याला सच्चिदानंद असे नाव दिले. या वेळी कोणी तो बंद केला नाही. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही असे जाहीर केले. उपाध्याय तेव्हा असते तर १०४ वर्षांचे असते.

अणिमानंद मात्र १९४५ पर्यंत जगले. गुरूपासून दुरावलेला हा शिष्य कलकत्त्यात गरीब राहणीने शाळा चालवत राहिला. ज्याची सरस्वतीपूजा सहन झाली नाही, त्याच गुरूची विखुरलेली पत्रे, लेख आणि आठवणी त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केल्या आणि त्यांतून चरित्र लिहिले. आपला गुरू शेवटपर्यंत कॅथॉलिकच होता, अशी त्यांची खात्री होती.